वाढीव गुण

शाळेत दोन प्रकारची कामे असतात. न केल्यास जाब विचारला जातो, अशी पहिली. आणि न केली तरी कोणी काही म्हणत नाही, अशी दुसरी. पहिल्या प्रकारची कामे बहुतेक सर्वच विद्यार्थी करतात. दुसऱ्या प्रकारच्या कामांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. परंतु अशा कामाला जेव्हा गुणांचे आमिष जोडले जाते, तेव्हा ते नेमके कोणत्या प्रकारात मोडते, हे सांगणे अवघड होऊन बसते. माणदेशातील एका गावात सातवीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला हा प्रश्न वर्षभर सतावीत होता.

त्याच्या वर्गाला मराठी शिकविणाऱ्या बाईंनी वर्षारंभीच सांगून टाकले होते, की लेखनाच्या तासाला जोडून तीन ऐच्छिक उपक्रम राहतील आणि ते मनापासून पूर्ण करणाऱ्यास दहा गुण वाढीव मिळतील. या विद्यार्थ्याला निबंधात नेहमी बेताचेच गुण पडत. त्यामुळे त्याने लगेच नाव दिले. लेखनाची आवड हे त्याचे कारण नव्हते; गुण हेच कारण होते, आणि ते त्याने कोणापासून लपविलेही नाही.

पहिला उपक्रम बाईंनी एका गोष्टीने समजावून सांगितला. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १७०६ साली जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांची शाळा दहाव्या वर्षीच सुटली. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. तेथे असताना लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्यांच्या हाती आला. त्यातील लेखन त्यांना इतके आवडले, की तसे आपल्याला लिहिता यावे, असा त्यांनी ध्यास घेतला. एखादा लेख वाचावा, प्रत्येक वाक्यातील आशयाची दोन-चार शब्दांत टिपणे करावीत, काही दिवस ती बाजूस ठेवावीत, आणि मग पुस्तक न पाहता तोच लेख स्वतःच्या शब्दांत लिहून मुळाशी ताडून पाहावा, असा त्यांचा क्रम होता. दिवसा छापखान्याचे काम असे. म्हणून हा अभ्यास ते रात्री, पहाटे किंवा रविवारी करीत. त्यांना कोणी गुण देणारे नव्हते.

विद्यार्थ्याने पावसाचे वर्णन असलेला एक उतारा निवडून हाच प्रयोग केला. चार दिवसांनी जेव्हा त्याने आपले लेखन मुळाशी ताडून पाहिले, तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मोठमोठी विशेषणे त्याच्या बरोबर ध्यानात राहिली होती; हरवली होती ती साधी क्रियापदे. पुस्तकातला पाऊस कोठे रिमझिमत होता, कोठे कोसळत होता, कोठे ओसरत होता. त्याच्या वहीतला पाऊस मात्र सगळीकडे ‘खूप पडत’ होता. आपल्याजवळ शब्द कमी आहेत, असे त्याला आजवर वाटत आले होते. परंतु हे शब्द तर त्याच्या घरात रोज बोलले जात होते! ते त्याच्या जिभेवर होते. लेखणीपर्यंत मात्र ते कधी पोहोचलेच नव्हते.

दुसरा उपक्रम भित्तिपत्रकाचा होता. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेर येथे शिक्षक होते. तेथील वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दिवसभर शिकवायचे, मुलांची देखभाल करायची, आणि शिवाय हे रोजचे लेखन! मुलांनी वाचावे आणि त्यांचे मन मोठे व्हावे, एवढाच त्यामागील हेतू. ही हकीकत सांगून बाईंनी वर्गाबाहेरची भिंत मुलांच्या स्वाधीन केली.

विद्यार्थ्याने भित्तिपत्रकासाठी शाळेच्या नळाविषयी मजकूर लिहिला. ‘नळ बिघडल्यामुळे सर्वांची गैरसोय होत आहे,’ असे त्याचे पहिले वाक्य होते. मधल्या सुटीत पाचवीतील एक मुलगा ते वाचून विचारू लागला, “कोणता नळ? आमच्या बाजूचा तर चालू आहे.” विद्यार्थी जवळच उभा होता, म्हणून त्याने उत्तर दिले. पण तो तेथे नसता तर? निबंधाची वही बाई वाचतात. त्यांना विषय ठाऊक असतो आणि मुलाला काय म्हणायचे आहे, हेही त्या ओळखून घेतात. भिंतीवरच्या कागदाला मात्र अनोळखी वाचक येतो, आणि त्याच्या शंकेचे उत्तर देण्यास लेखक तेथे हजर नसतो. जे सांगायचे ते कागदालाच सांगता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद बदलला. कोणता नळ, केव्हापासून बंद आणि किती वर्गांची मुले दुसऱ्या नळावर रांग लावतात, हे त्याने आकड्यांसह लिहिले. या वेळी पाचवीतील मुलाने काहीही विचारले नाही.

याच सुमारास त्याच्या मनात आणखी एक विचार येऊ लागला. त्याच्या शेजारी बसणारा मित्र शाळा सुटल्यावर वडिलांच्या चहाच्या टपरीवर काम करी. रात्री घरी परतल्यावर त्याला लिहिण्याचे त्राण उरत नसे. ज्याला संध्याकाळ मोकळी आहे त्यालाच वाढीव गुण मिळावेत, हे न्यायाचे आहे काय? त्याने हे धीर करून बाईंना विचारले. बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्या म्हणाल्या, “टपरीवर बसून जे ऐकू येते तेही लिहिता येईल. त्याला म्हणावे, रोज चारच ओळी लिहून आण.” मित्राने चार ओळी आणण्यास आरंभ केला. त्या चार ओळींत एस. टी. बसची वाट पाहणारी माणसे होती, बाजारभावावरून चाललेले वाद होते, उधारीची वही होती. वर्गात त्या वाचल्या जात, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही कान टवकारीत.

तिसरा उपक्रम असा, की घरातील वडीलधाऱ्या माणसाची एखादी आठवण ऐकून लिहावी. त्याला अट एकच होती. लिहिलेले त्या माणसास वाचून दाखवावे आणि त्याने ‘होय’ म्हटल्यावरच वही द्यावी.

विद्यार्थ्याने आजीला १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारले. त्या वर्षी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पिके बुडाली आणि लाखो माणसे दुष्काळी कामांवर गेली. रस्त्यांसाठी खडी फोडणे हे त्यांतील एक मुख्य काम. आजी तेव्हा बारा वर्षांची होती. ती थोडेच बोलली. “आईसंगं खडी फोडाया जायाचे. हाताला फोड यायचे. दुपारी सुकडी मिळायची. निम्मी खायाची, निम्मी धाकट्या भावाला ठेवायची. घरी लाल मिलोची भाकरी. बस.”

एवढ्याशा मजकुरावर गुण कसे मिळणार? विद्यार्थ्याने तो सजविला. सूर्य आग ओकू लागला, धरणीमाता व्याकूळ झाली, आणि चिमुकल्या हातांनी दुर्दैवाशी झुंज दिली. दोन पाने भरली. रात्री त्याने ते आजीला वाचून दाखविले. आजीने शेवटपर्यंत ऐकले आणि शांतपणे विचारले, “चांगलं लिवलंयस. पण ही पोरगी कोण रं?”

तो निरुत्तर झाला. सजवलेल्या दोन पानांत सुकडी नव्हती, भाऊ नव्हता, हाताचे फोडही नव्हते. बाईंनी वर्गात सांगितलेली बहिणाबाई चौधरींची हकीकत त्याला आठवली. बहिणाबाई (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या जी गाणी रचीत, ती त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आणखी एक आप्त यांनी वेळोवेळी उतरून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी होते. शब्द बदलणे त्यांना जड नव्हते. परंतु १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्राला बहिणाबाईंची खानदेशी बोली आणि त्यांचाच आवाज ऐकू आला. दुसऱ्याचे बोलणे लिहून घेणाऱ्याने आपली लेखणी केवढी आवरावी लागते, हे विद्यार्थ्याला तेव्हा प्रथमच उमगले.

त्याने दोन्ही पाने बाजूस ठेवून नव्याने लिहिले. आजीची वाक्ये तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने उतरविली. जेथे ती थांबली, तेथे तोही थांबला. मजकूर जेमतेम अर्धे पान झाला. आजीने ऐकला आणि मान हलवून म्हटले, “व्हय. असंच.” वही दिली गेली. दहांपैकी सात गुण मिळाले. दोन-तीन मुलांना त्याच्यापेक्षा अधिक मिळाले. त्याचे त्याला थोडे वाईट वाटले, हेही खरे.

गुणांचा उपयोग नसतो, असे कोणी म्हणू नये. ते नसते तर हा विद्यार्थी त्या वाटेला वळलाच नसता. परंतु वहीत मांडलेले गुण त्या वर्षापुरतेच असतात. शब्दांची पारख, अनोळखी वाचकाची जाणीव आणि दुसऱ्याच्या बोलण्याविषयीची सचोटी या गोष्टींची बेरीज गुणपत्रकात होत नाही.

वही परत मिळाल्यानंतर आठ-दहा दिवसांनी आजी जोंधळे पाखडता पाखडता सहज म्हणाली, “तवा एक सांगायचं राहिलं. त्याच साली माझी शाळा सुटली. पाटी शेजारच्या पोरीला दिली.”

उपक्रमाची मुदत संपून गेली होती. विद्यार्थ्याने आत जाऊन वही आणली, आजीसमोर बसून ती दोन वाक्ये लिहिली आणि तिला वाचून दाखविली. मग त्याने विचारले, “आजी, पाटी कशी होती?”