धान्य किती, कसे

चि. मुग्धा हिस,


गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेरचा कोंडा, टोकाशी चिमुकला अंकुर आणि आतला पांढरा, पिठूळ गर. वजनात ८० टक्क्यांहून अधिक वाटा गराचा. त्यात मुख्यतः पिष्ट आणि काही प्रथिने असतात. तंतू, लोह, जस्त आणि ब गटातली जीवनसत्त्वे बरीचशी कोंड्यात व अंकुरात साठलेली असतात. धान्य खावे की सोडावे या वादात बहुधा एक पक्ष अख्ख्या दाण्याबद्दल बोलतो आणि दुसरा मैद्याबद्दल.

अंकुरात तेल असते. दळल्यावर ते खवट होते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते ते यामुळेच, म्हणून बाजरी थोडी थोडी दळून आणायची रीत आहे. कारखान्याला असे पीठ परवडत नाही. मैदा महिनोन्महिने टिकतो, कारण नासण्याजोगे (आणि पोसण्याजोगेही बरेचसे) त्यातून आधीच काढलेले असते.

याची किंमत जावा बेटावर उघड झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सैनिक आणि कैदी बेरीबेरीने दगावत. पायांतले बळ जाई, अंग सुजे, हृदय थके. ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर या रोगाचा जंतू शोधत होता, तोच प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. पुढे त्या आपोआप बऱ्याही झाल्या. मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असा त्याचा हिशेब! भातातच विष असावे, असा आइकमानचा तर्क होता. त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्स याने १९०१ मध्ये तो उलटवला. भातात विष काहीच नव्हते. कोंड्याबरोबर एक आवश्यक घटक निघून गेला होता. तो म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२९ चे नोबेल मात्र आइकमानला मिळाले, इंग्लंडच्या हॉपकिन्सबरोबर विभागून. ग्राइन्सच्या वाट्याला काहीच आले नाही.

कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळाचे मर्म इथेच आहे. साळी भिजवून, उकडून, वाळवून मग सडतात. उकडताना ब-१ दाण्याच्या आत शिरते आणि नंतर कोंडा गेला तरी बरेचसे टिकते. आंध्रच्या किनाऱ्यावर कच्चा, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होता. या रोगाच्या संशोधनासाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला एका खोलीत केंद्र काढले. तीच आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था.

बेरीबेरीच्या शोधातून उभ्या राहिलेल्या या संस्थेला आता उलट बाजूने बोलावे लागते. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाच्या ऊर्जेतला तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच असावा. २००० किलोकॅलरीच्या आहारात कच्चे धान्य सुमारे २५० ग्रॅम. अनेक भारतीय घरांत हा वाटा ५० ते ७० टक्के आहे. मधुमेह्याचे बिघडते ते बव्हंशी इथे : ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी.

धान्य एकटे अपुरेच. त्याच्या प्रथिनात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर, म्हणून वरण-भाताची जोडी टिकून आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण कोंड्यातले फायटेट कॅल्शियम, लोह आणि जस्त धरून ठेवते. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी ही पकड सैल होते. आंबील त्या दृष्टीने साध्या भाकरीच्या पुढे आहे.

गहू पूर्ण वर्ज्य करावा लागतो तो सीलिॲक रोग असलेल्यांना. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणीत ते नसते. तरीही पंचाईत गिरणीत होते : गव्हामागून त्याच जात्यावर घातलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळतेच, म्हणून अशा घरात ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरघंटीवर वेगळी दळतात.

तुझे,
आबा