दूध तापवायचं पातेलं

मैत्रिणीने दोन तास मेसेजला उत्तर दिलं नाही. तेवढ्यात मी तिला सतरा मेसेज पाठवले, मैत्री तोडली, ब्लॉक केलं आणि रात्री तिच्या दारात जाऊन रडले. ती बिचारी दुपारभर डेंटिस्टकडे आ वासून बसली होती. असं महिन्यातून दोनतीनदा व्हायचं, फक्त पात्रं बदलायची. डॉक्टर म्हणाले, डीबीटीच्या ग्रुपला जा. लांब नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. शब्दकोशात पहिल्या शब्दाला 'द्वंद्वात्मक' सापडलं. हा शब्द कॉलेजात मार्क्सच्या प्रश्नाला मी पाठ करून लिहिला होता. कळला तेव्हाही नव्हता.

मला वाटलं, गोल करून बसायचं आणि मन मोकळं करायचं. म्हणून टिश्यूचं अख्खं पाकीट घेऊन गेले. खोलीत फळा होता, प्रत्येकाला फाइल होती, शिकवायला दोन ताई. मी लहानपणापासून सुरुवात केली तशी मोठ्या ताईंनी अलगद थांबवलं, "ते तुमच्या थेरपिस्टकडे बोला. इथे आपण कौशल्यं शिकायची." आठवड्यातून एकदा अडीच तास. आधी गृहपाठ तपासणी, मग चहा, मग नवा धडा. सजगता, त्रास सोसणं, भावना सांभाळणं आणि माणसांशी वागणं असे चार विषय. 24 आठवड्यांत पोर्शन संपतो, मग तोच पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वर्ष झालं. लागोपाठ चार आठवडे दांडी मारली की बाहेर. चाळिशीत मी शिकवणी लावली होती!

'द्वंद्वात्मक'चा उलगडा त्याच दिवशी झाला. तुम्ही जशा आहात तशा मान्य आहात आणि तुम्हाला बदलायचंही आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. मी वहीत लिहिलं, 'मान्य आहे, पण बदलायचं आहे.' ताईंनी पेन मागितलं, 'पण' खोडून 'आणि' केलं. पहिल्याच पानावर लाल शाई.

पुढच्या वेळी प्रत्येकाच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. खायचा नाही, फक्त बघायचा आणि दिसेल ते सांगायचं, चांगलं-वाईट न ठरवता. मी म्हटलं, "शिळा आहे." ताई म्हणाल्या, "हा निकाल झाला. दिसतंय काय?" मी पुन्हा पाहिलं. कडेचा टवका उडालेला, गुळाचा एक काळसर ठिपका, तळव्यावर सातआठ दाणे सांडलेले. शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, "मैत्रिणीने उत्तर दिलं नाही, हे दिसलेलं. तिला मी नकोशी झालेय, हा निकाल. बरोबर ना?" मी सांगितलेली माझी गोष्ट त्याला माझ्याआधी कळली होती.

गृहपाठात डायरी कार्ड असतं. रोज रात्री राग, दुःख, लाज यांना शून्य ते पाच गुण द्यायचे, कोणतं कौशल्य वापरलं तेही लिहायचं. मी सातही रकाने ग्रुपला जाताना रिक्षात भरले. शनिवारी राग दोन, रविवारी राग दोन, सगळं एकाच पेनाने, खड्ड्यांनी वाकडंतिकडं झालेलं. ताईंनी कार्ड पाहिलं आणि एवढंच विचारलं, "रस्ता फार खराब आहे का?" त्या दिवशी मार्शा लिनेहान या बाईंची माहिती मिळाली. डीबीटीची पद्धत त्यांनी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात घडवली, 1993 मध्ये तिचं पाठ्यपुस्तक आलं. मला वाटलं, अशी बाई जन्मात कधी ओरडली नसेल. पण 1961 मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या, आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते थेट 2011 मध्ये. मी कार्ड पुन्हा भरायला घेतलं. शनिवारचा राग पाच होता.

त्रास सोसण्याच्या धड्यात गार पाण्याचा उपाय आला. भावना अगदी शिगेला पोचली की श्वास रोखून, पुढे वाकून, डोळे आणि गाल पाण्यात बुडवायचे, सुमारे तीस सेकंद. पाण्यात बुडी मारताना शरीर आपोआप हृदयाची गती कमी करतं, तीच युक्ती. हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. घरी एका भांडणानंतर मी पातेल्यात बर्फ टाकला आणि तोंड घातलं. अकराव्या सेकंदाला मागून आईचा आवाज आला, "अगं, ते दूध तापवायचं पातेलं आहे!" पाणी नाकात गेलं, ठसका लागला. पण भांडण कशावरून झालं होतं, ते आठवायला मला थोडा वेळ लागला.

सध्या 'डिअर मॅन' चालू आहे. आधी वाटलं, कुणा पुरुषाला पत्र लिहायचंय. ती तर मागणी कशी करावी याच्या पायऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं निघाली. काय घडलं ते सांगा, काय वाटतं ते सांगा, हवं ते स्पष्ट मागा, मान्य केलं तर समोरच्याचा फायदा काय ते सांगा. मुद्दा सोडू नका, धीट दिसा, थोडी घासाघीसही करा. मी कार्डावर सगळं लिहून स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती.

"तू दार न वाजवता माझ्या खोलीत येतेस," मी वाचलं. "तेव्हा मला दचकायला होतं. तू आधी दार वाजवावंस."

आईने एक काडी बाजूला टाकली. "बरं. आणि त्यात माझा काय फायदा?"

ही ओळ मी गाळली होती. "थांब," म्हटलं, आणि कार्ड उलटून बघायला लागले.