डबल म्हणजे काय रे भाऊ?

ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला एकूण अडतीस शब्द असतात. १ किलवरपासून ७ नोट्रम्पपर्यंत पस्तीस बोल्या, आणि वर पास, डबल, रिडबल. बास! हातात तेरा पानं आणि एवढ्याच शब्दांत सगळा संसार. आम्ही प्रोग्रॅमर लोक अशा वेळी एकाच नावाला दोन-तीन अर्थ देतो आणि संदर्भावरून ठरवतो कुठला घ्यायचा ते. ब्रिजवाल्यांनी 'डबल'चं नेमकं हेच केलं, तेही कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी.

(ज्यांची मजल मेंढीकोटपर्यंतच गेलीय त्यांच्यासाठी: '२ बदाम' म्हणजे बदाम हुकूम करून सहा अधिक दोन, असे आठ हात करून दाखवतो. 'डबल'चा मूळ अर्थ अगदी सरळ: "नाही होणार तुमच्याने. लागली पैज!")

आता पैजेचा हिशोब बघा. प्रतिस्पर्धी व्हल्नरेबल नसताना त्यांचे तीन हात कमी पडले, तर आपल्याला १५० गुण. डबल केलेलं असेल तर ५००. मजा आहे. पण २ बदाम बरोबर झाले तर? साधे असतील तर त्यांना ११०, डबल केलेले असतील तर ४७०! कारण हातांच्या ६० गुणांचे १२० होतात, आणि शंभरी गाठली की 'गेम'चा बोनस आपणच त्यांच्या ताटात वाढून ठेवतो. म्हणजे अशी पैज फार जपून लावायची.

मग लोकांच्या लक्षात आलं की खालच्या बोलीवर ही पैज लावायची वेळच फारशी येत नाही. समोरच्याने १ इस्पिकने सुरुवात केली, म्हणजे त्याच्याकडे चांगली पानं आहेत आणि हात फक्त सात करायचेत. तिथे त्याला मारायला जाणार कोण? 'डबल' हा अख्खा शब्द तिथे धूळ खात पडलेला. १९१२ ते १९१५ च्या सुमाराला न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुईसचे ब्रायंट मॅकॅम्पबेल या दोघांनी, वेगवेगळेपणी, त्याला नवा अर्थ दिला: "भिडू, माझ्याकडे पानं आहेत. त्यांचा रंग सोडून तुझा चांगला रंग सांग." हा टेकआऊट डबल. तेव्हा ऑक्शन ब्रिज चालायचा. आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज १९२५ मध्ये आला.

पुढची उडी १९५७ ची. भिडूने बोली सुरू केली आणि प्रतिस्पर्धी मध्ये घुसला, तर तिथलाही डबल मारण्यासाठी नाही, सांगण्यासाठी वापरायचा, असं ॲल्विन रॉथ या अमेरिकन खेळाडूने मांडलं. त्याच वर्षी सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडला होता, म्हणून या डबलचं नावही स्पुटनिक पडलं. आता त्याला निगेटिव्ह डबल म्हणतात.

समजा भिडू १ चौकट म्हणाला, उजवीकडून १ इस्पिक आलं. माझ्याकडे इस्पिकची दोन फुटकळ पानं, बदामची राजा-राणीसकट चार, बाकी किरकोळ. एकूण आठ गुण. २ बदाम म्हणायला बदाम पाच हवेत आणि पानंही याहून चांगली हवीत. १ नोट्रम्प म्हणायला इस्पिक अडवता यायला हवं. गप्प बसलो तर बदाम हुकूम करायची संधी गेली. निगेटिव्ह डबल म्हणजे हे सगळं एका शब्दात.

असली पानं वरचेवर येतात. उलट इस्पिकमध्ये मारण्यासारखी पानं? ज्याने १ इस्पिक म्हटलं त्याच्याकडे पाच धरा. उरली आठ, ती तिघांत. सरासरी प्रत्येकी तीनसुद्धा नाहीत. त्यातली पाच माझ्याकडेच येणं ही चैन आहे.

हे सगळं गणित मी माझ्या भिडूला समजावत होतो. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, बँकेतून रिटायर झालेले. क्लबात सगळे त्यांना काका म्हणतात, मीही.

"डबल म्हणजे मारायचं. विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले.

"पण काका, मारणं सुटत नाही. मारण्यासारखी पानं असली तर पास म्हणून थांबायचं. भिडू डबल करेल, त्यावर पुन्हा पास. झालंच की!"

"म्हणजे माझ्याकडे त्यांना आडवं करायची पानं आहेत आणि मी गप्प बसू? आणि पुढे तूही पास म्हणालास तर?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. 'पास' झाला की बोली संपली, ती चैनही गेली. "हे नको असेल तर तुझ्या वयाचा भिडू बघ बाबा," असंही ते म्हणाले, आणि ते चेष्टेत नव्हतं. दोन वर्षांची जोडी होती आमची.

म्हणजे गणित सगळं ठीक, पण ते उभं होतं भिडूवरच्या भरवशावर. मारायचा डबल एकट्याने करता येतो. नव्या पद्धतीत पास म्हणायचा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात द्यायचा. तोही ठरलेल्या गतीने. पास म्हणायला मी रेंगाळलो तर भिडूला वास लागतो, आणि कायद्याने त्याला तो वास वापरता येत नाही. मग दोघांचाही पाय अडकतो.

शेवटी तह झाला: २ इस्पिकपर्यंत निगेटिव्ह, त्यावर काकांचं राज्य. आणि एक अट, त्यांच्याच अक्षरात लिहिलेली: प्रतिस्पर्ध्याच्या रंगात आपली पानं कमी असतील तर बोली तिथे मरू द्यायची नाही.

तीन आठवड्यांनी ती चैन आली. काका १ चौकट, उजवीकडून १ इस्पिक, आणि माझ्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, दहा, आठ, चार. वर किलवरचा एक्का. मी हिरवं पासचं कार्ड ठेवलं. डावीकडूनही पास. काकांची पानं जेमतेम होती, इस्पिक एकच. त्यांनी बॉक्समधून लाल कार्ड काढून ठेवलं. मी पास. ते व्हल्नरेबल होते, दोन हात कमी पडले, ५०० आमचे.

काकांनी माझी पानं उलटून बघितली. "एवढी पानं घेऊन गप्प बसलास?"

"तुम्ही होतात ना."

त्यावर ते काही बोलले नाहीत, स्कोअर लिहायला लागले.

असो. आता वाद १ नोट्रम्पचा चालू आहे. समोरच्याने १२ ते १४ गुणांवर १ नोट्रम्प म्हटलं तर त्यावरचा डबल मारायचाच ठेवू, असं काका म्हणतात. हिशोब करून बघितला. तिथे मारण्यासारखी पानं खरोखरच वरचेवर येतात. तेव्हा तिथे काकांचंच बरोबर आहे :-)