नलारबोर, आई आणि बॅटरी

सप्टेंबरच्या सुट्टीत आम्ही जुनी कॅराव्हॅन गाडीला जोडून ॲडलेडहून पर्थला निघालो. फ्रीजमध्ये श्रीखंडाचा डबा आणि आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, महिन्याभराचं इन्सुलिन होतं. पहिली रात्र विजेच्या जोडणीशिवाय काढली. दुसऱ्या संध्याकाळी सेडुनाला पोचलो, तर फ्रीज बंद आणि आत १४ अंश! न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. तिथल्या फार्मसिस्टने धीर दिला: ते लगेच वाया जात नाही, पण आता दिवस मोजून वापरा.

पुढे नॉर्समनपर्यंत १२०० किलोमीटर, मध्ये फक्त रोडहाउसेस. दिवसभर गाडी चालली, मग कॅराव्हॅनची बॅटरी भरली कशी नाही?

इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. बॉनेटखाली १३.१ व्होल्ट, मागे कॅराव्हॅनच्या बॅटरीपाशी १२.४. आजकालच्या गाड्यांचा अल्टरनेटर पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला व्होल्टेज उतरवतो. उरलेलं आमच्या लांब, बारीक वायरने खाल्लं. गच्चीवरची टाकी भरलेली असली, तरी बारीक पाइपच्या टोकाच्या नळाला धार येत नाही, तसंच. शाळेत ओहमचा नियम इतकी वर्षं शिकवला, पण तो असा भेटेल असं वाटलं नव्हतं. आमच्या लिथियम बॅटरीला भरायला १४.४ व्होल्ट लागतात.

त्याने जाड केबल टाकली, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये अँडरसन प्लग, आणि कॅराव्हॅनच्या बॅटरीजवळ डीसी-डीसी चार्जर बसवला. कमी व्होल्टेज आलं तरी तो वाढवून बॅटरीला देतो. इंजिन बंद झालं की तोही थांबतो, म्हणजे सकाळी गाडी सुरू व्हायची पंचाईत नाही.

हेड ऑफ बाइटला देवमासे पाहिले. कायगुना आणि बॅलाडोनियाच्या दरम्यान रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता सरळ जातो. प्रत्येक थांब्यावर आई आधी फ्रीज उघडून बघायच्या. बॅलाडोनियाला म्हणाल्या, "चार अंश. आता श्रीखंड काढ."

तुम्ही निघणार असाल तर इंजिन चालू ठेवून मीटर लावून बघा. बॉनेटखाली नव्हे, कॅराव्हॅनच्या बॅटरीपाशी. आणि हे घराच्या अंगणात करा, सेडुनाला नको.