प्रीॲम्पच्या आधी खोली

तानपुरा, सतार, बासरी, पेटी यांचं घरच्या घरी रेकॉर्डिंग मी बरीच वर्षं करते आहे. या काळात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला सल्ला म्हणजे ‘चांगला प्रीॲम्प घे, आवाज खुलेल’. माझं मत नेमकं उलटं होत गेलं. साध्या ऑडिओ इंटरफेसमध्ये जो प्रीॲम्प आधीच बसवलेला असतो, तो घरातल्या कामाला पुरून उरतो. वेगळ्या, महागड्या प्रीॲम्पवर घातलेला पैसा बहुतेक वेळा नको त्या जागी जातो. हे नुसतं ऐकून ठरवण्यात अर्थ नाही, कारण इथे कान फार लवकर फसतो. दोन रेकॉर्डिंगपैकी एक अर्ध्या डेसिबलने मोठं असलं तरी तेच ‘खुललेलं’ वाटतं. म्हणून आधी आकडे पाहावेत आणि दोन्हींची पातळी सारखी करून मगच ऐकावं.

माइकमधून निघणारा विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागतो, हळू वाद्याचा तर त्याहूनही कमी. तो व्होल्टच्या घरात नेणं हे प्रीॲम्पचं काम. ते करताना तो स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो, आणि महागडा प्रीॲम्प ती कमी मिसळतो हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की किती कमी? याची खालची मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे. कुठल्याही रोधात उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची जी धावपळ चालू असते, तिचा विद्युत गोंगाट कधीच शून्य होत नाही. बेल लॅबमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हे मांडलं. माइकसाठी धरतात त्या १५० ओहमला हा गोंगाट, कानाच्या संवेदनेनुसार मोजला तर, सुमारे उणे १३३ डीबीयू भरतो. आज दोन माइकच्या साध्या इंटरफेसच्या माहितीपत्रकावर उणे १२८ हा आकडा सर्रास दिसतो. म्हणजे जगातला सर्वोत्तम प्रीॲम्प आणला तरी फायदा जास्तीत जास्त ५ डेसिबल.

हे ५ डेसिबल खोलीत कुठे बसतात ते पाहू. शुअरचा एसएम५७ हा घराघरांत पोचलेला डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला सुमारे २ मिलिव्होल्ट देतो. उणे १२८ची खरखर या माइकमागे धरली, तर ती माइकसमोरच्या साधारण १८ डेसिबल आवाजाइतकी होते. शहरातल्या फ्लॅटमध्ये मध्यरात्री, पंखा आणि फ्रिज बंद करूनही, ३० डेसिबलच्या खाली जाणं अवघड असतं. दिवसा तर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी आणि खिडकीतली कबुतरं यांच्यासमोर त्या १८ची काय कथा! आता एसएम५७ऐवजी रोडचा एनटी१-ए लावला, तर तेवढ्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे २२ डेसिबल जास्त. तीच खरखर आता माइकच्या स्वतःच्या ५ डेसिबल गोंगाटाच्याही खाली बुडते. माइक बदलल्यावर २२ आणि प्रीॲम्प बदलल्यावर ५, हा हिशोब मला पुरेसा बोलका वाटतो. शिवाय माइक ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की जवळपास ६ डेसिबल फुकट मिळतात.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. खोलीचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो आणि प्रीॲम्पची खरखर वर ‘स्स्’ करत राहते, म्हणून नुसती डेसिबलची तुलना फसवी ठरू शकते. सतारीच्या आलापात दोन स्वरांमधल्या मोकळ्या जागी, खोली शांत असतानाही, डायनॅमिक माइकमागची ती ‘स्स्’ ऐकू येते, हे मला मान्य आहे. पण त्यावरचा इलाज तोच: जास्त विद्युतदाब देणारा कंडेन्सर माइक, आणि तोही जरा जवळ. दुसरा आक्षेप असा, की चार-सहा ट्रॅक एकावर एक चढवले की खरखर साठत जाते. साठते खरी, ट्रॅक दुप्पट झाले की ३ डेसिबल. पण प्रत्येक ट्रॅकबरोबर खोलीही तेवढीच साठते, त्यामुळे दोन्हींचं आपसातलं प्रमाण बदलत नाही.

उरतो तो ‘रंगा’चा मुद्दा. नीव्ह १०७३ सारखे १९७०च्या आसपासचे ट्रान्सफॉर्मरवाले प्रीॲम्प आवाजात स्वतःचे उपस्वर घालतात, आणि ते कानाला गोड लागतात. हा परिणाम खरा आहे, पण तो ठळक होतो प्रीॲम्प जोरात चालवला की. ड्रम किंवा गिटार ॲम्पसाठी तसं करतात. तानपुऱ्याचं काय? मिरजेच्या कारागिराने घोडीची जवारी काढताना, सुताची जागा केसभर इकडेतिकडे सरकवताना जे उपस्वर मोकळे केले, त्यांचीच तर ती गुंज आहे. त्यावर दुसऱ्या यंत्राचे उपस्वर चढवले, तर कारागिराचं काम झाकोळतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बदल हवाच असेल तर माइक घोडीसमोरून चार बोटं भोपळ्याकडे सरकवून पाहावा: वरची चकाकी उतरते, खर्ज भरतो, घोडीवरची झणझण मागे जाते. कुठल्याही दोन स्वच्छ प्रीॲम्पमध्ये मी एवढा फरक ऐकलेला नाही. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्याने पडतो, तेवढाही नाही.

वेगळ्या प्रीॲम्पला माझा सरसकट विरोध नाही. रिबन माइकचा विद्युतदाब इतका कमी असतो, की ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त गेन लागतो, आणि जुन्या इंटरफेसची धाव तिथपर्यंत पोचत नाही. व्हायोलिनच्या किंवा सतारीच्या अंगाला चिकटवायच्या पिएझो पिकअपला तर योग्य प्रीॲम्प लागतोच. त्याला दहा लाख ओहम किंवा त्याहून मोठा इनपुट रोध हवा असतो. तो थेट साध्या लाइन इनपुटला जोडला तर खर्ज गळून पडतो आणि वाद्य पत्र्याचं असल्यासारखं वाजतं. तिथे मी प्रीॲम्पवर पैसे घालते आणि घ्या म्हणून सांगतेही. पण माइक लावून तानपुरा रेकॉर्ड करणाऱ्याने त्याच पैशात आधी चांगला कंडेन्सर घ्यावा, नंतर खिडकीच्या फटी बुजवाव्यात.