वरवंटा कोण फिरवतो?

पाटा-वरवंटा आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांतून हद्दपार झाला, पण मराठी गद्यातून वरवंटा गेलेला नाही. दडपशाहीचा, काळाचा, जागतिकीकरणाचा असे त्याचे अनेक प्रकार आपण वाचतो आणि लिहितोही. या प्रतिमेची दोन क्रियापदे आहेत, 'वरवंटा फिरला' आणि 'वरवंटा फिरवला'. त्यांत एका अक्षराचे अंतर असले, तरी पहिल्या वाक्यात कर्ता नाहीसा होतो आणि दुसऱ्यात तो सापडतो. हे अंतर आम्हांला महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा विचार रशियाच्या निमित्ताने करावासा वाटतो.

इंग्रजीत वरवंट्याची जागा स्टीमरोलरने घेतली आहे. वाफेवर चालणारे हे रस्त्याचे रूळ इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात आले. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश वृत्तपत्रांनी ही उपमा रशियाच्या सैन्याला बहाल केली. 'रशियन स्टीमरोलर' पूर्वेकडून संथपणे पण अटळपणे बर्लिनच्या दिशेने सरकणार, अशी ती आशा होती. म्हणजे ही प्रतिमा मुळात रशियाच्या सामर्थ्याचे वर्णन नव्हती; तिच्यात मित्रराष्ट्रांची गरज बोलत होती. ऑगस्ट संपता संपता टॅनेनबर्गला रशियाचे दुसरे सैन्य वेढले गेले, सुमारे नव्वद हजार सैनिक कैद झाले आणि सेनापती सॅमसोनोव्ह यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९१५ मध्ये तर आघाडीवर बंदुका आणि तोफगोळेही पुरेनासे झाले. यंत्राला कोळसा घातला की ते चालते. येथे कोळशाच्या जागी माणसे होती, आणि त्यांतील बहुसंख्य शेतकरी होते. उपमेने त्यांना झाकून टाकले.

आमच्या शहरात (पूर्वीचे अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) भारतीय चिलखती दलाचे केंद्र आहे. १९९४ साली सुरू झालेल्या येथील रणगाडा संग्रहालयात आम्ही अनेकदा विद्यार्थ्यांसह गेलो आहोत. तेथील थंड पोलादासमोर उभे राहिले की प्रतिमेची अडचण आणखी स्पष्ट होते. सोव्हिएत टी-५५ जातीचे रणगाडे ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर उतरले, तेव्हा जगाने त्यांना वरवंटा म्हटले. तीनच वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, त्याच जातीचे रणगाडे भारतीय सैन्याकडून लढले. त्या युद्धातून बांगलादेश मुक्त झाला. यंत्र तेच होते. फरक पडला तो आज्ञा कोणाची आणि कशासाठी, यामुळे.

जवळच खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखले जाणारे के. के. रेंज हे लष्करी सरावक्षेत्र आहे. आपली जमीन त्यात जाईल या धास्तीने नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील गावांनी वेळोवेळी विरोध केला आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न रणगाड्याच्या पट्ट्यांचा नाही, अधिसूचनेच्या कागदाचा आहे. आणि कागदावर सही असते.

रशियन भाषेत रस्त्याच्या रुळाला 'कातोक' म्हणतात. बर्फावर घसरत खेळण्याच्या मैदानालाही हाच शब्द आहे. आंद्रेई तारकोव्हस्की यांनी १९६० साली चित्रपट-शिक्षण संपवताना केलेल्या लघुपटाचे नाव 'कातोक आणि व्हायोलिन' असे आहे. त्यात व्हायोलिन शिकणाऱ्या, इतर मुलांकडून छळल्या जाणाऱ्या साशाची रूळ चालवणाऱ्या सर्गेईशी मैत्री होते. सर्गेई त्याला रूळ चालवू देतो. ज्या देशाला जग रूळ म्हणत आले, त्या देशाचा एक दिग्दर्शक रुळावर बसलेल्या माणसाचे नाव आणि चेहरा आपल्याला दाखवतो, हे आम्हांला विलक्षण वाटते. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला, त्यामागेही काहीसे हेच असावे. पोवाडा हा प्रकारच लढणाऱ्याला नावानिशी हाक मारणारा आहे.

आमच्या जिल्ह्यात रूळ म्हटला की जुन्या पिढीला १९७२ चा दुष्काळ आठवतो. दुष्काळी कामांवर बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली, पसरली, आणि मग तिच्यावरून रूळ गेला. रस्ता झाला, तो रुळाने केला असे आपण म्हणतो. हातांचा हिशेब हजेरीपटातच राहतो.

म्हणून आम्हांला इंग्रजी स्टीमरोलरपेक्षा मराठी वरवंटा अधिक प्रामाणिक वाटतो. स्टीमरोलरच्या पोटात स्वतःची वाफ असते. तो आपोआप चालतो, असा भास तरी होतो. वरवंट्याला दोन हात लागतात. वाटणारी बाई मधूनच वाटण गोळा करते, बोटांनी चाचपते, पुरेसे बारीक झाले की थांबते. थांबणे तिच्या हातात असते.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'इतिहासाचा वरवंटा फिरला' असे वाक्य आले, की आम्ही ते खोडत नाही. समासात एवढेच लिहितो: क्रियापद प्रयोजक करा आणि कर्ता शोधा. रशियाच्या इतिहासाला हा प्रश्न जितका लागू आहे, तितकाच तो आपल्या गावच्या अधिसूचनेलाही लागू आहे.