नळी साफ आहे ना!

हृदयाच्या नळीत ऐंशी टक्के ब्लॉकेज निघालं की स्टेंट टाकायचा, नळी मोकळी झाली की माणूस बरा, असं माझं पक्कं मत होतं. भंडाऱ्यात ते माझं एकट्याचं नव्हतं. नागपूरला जाऊन स्टेंट टाकून आलेला माणूस इकडे सुटलेला समजतात. ‘डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवलं’ म्हटलं की पैसे कमी पडले असतील अशी कुजबुज होते.

2020 साली ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष आले. 37 देशांतले 5,179 रुग्ण. हृदयाला रक्त कमी पडतंय हे तपासणीत दिसलेलं, पण तब्येत स्थिर. काहींची आधी अँजिओग्राफी करून जमेल तिथे स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना आधी नुसती औषधं. सव्वातीन वर्षांच्या सुमारास पाहिलं तर मृत्यूंत फरक नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना स्टेंटनं आराम जास्त पडला, हे मात्र खरं.

मला हे आधी पचलंच नाही. पटलं ते कारण समजल्यावर. झटका पुष्कळदा सर्वांत अरुंद जागी येतच नाही. निम्मीही न भरलेल्या जागी चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी बघता बघता बंद होते. स्टेंट बसतो एका जागी, आजार नळीभर.

आमच्या नात्यातले एक काका स्टेंट टाकून आले आणि लगेच पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागले. “आता नळी साफ आहे ना!” तेव्हा मीही हसलो होतो. सलीम युसूफ यांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात 52 देशांतले रुग्ण तपासले. त्यात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. काकांनी रक्त पातळ करायची गोळीही मनानं सोडली होती. नव्या स्टेंटमध्ये त्यानं गुठळी धरू शकते.

म्हणून आता कुणी रिपोर्ट दाखवला की मी टक्के नंतर बघतो. शुगर, बीपी, खर्रा आधी विचारतो. लोकांना ते आवडत नाही.

स्टेंट म्हणजे लूट, असंही काही जण म्हणतात. तिकडे मी गेलेलो नाही. ‘इस्केमिया’ चाचणी स्थिर रुग्णांची होती, डाव्या मुख्य नळीत मोठा अडथळा असणारे तिच्यात नव्हते. बसल्या जागी छाती दाबून आली, घाम फुटला, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून मी आधी गाडी बोलावीन.